ओबर्लिन, ग्रिनेल की क्लेरमॉन्ट मॅकेना: कॅम्पसची हवा कशी ओळखायची

तुमच्या लेकीला अमेरिकेतल्या ओबर्लिन, ग्रिनेल आणि क्लेरमॉन्ट मॅकेना या तिन्ही कॉलेजांत प्रवेश मिळालाय, तिची मतं धड डावी नाहीत की धड उजवी, आणि कुठे तिला तोंड मिटून बसावं लागणार नाही असं तुम्ही विचारताय. माझी मुलगी अशाच एका छोट्या कॉलेजात चार वर्षं काढून बाहेर पडली (नाव नको), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हिल्सडेलसारखे मोजके उजवे अपवाद सोडले, तर अमेरिकेतली नावाजलेली लिबरल आर्ट्स कॉलेजं (म्हणजे पदवीपर्यंत नाना विषय शिकवणारी छोटी कॉलेजं) डावीकडेच झुकलेली असतात. त्यामुळे ‘कमी डावं कोणतं’ हे शोधण्यात फारसा अर्थ नाही. खरा फरक पडतो तो आकाराने. ग्रिनेलमध्ये सतराशेच्या आसपास मुलं, क्लेरमॉन्ट मॅकेनात त्याहून कमी. मोठ्या विद्यापीठात वाजलं तर माणूस दुसरा कंपू गाठतो. इथे सकाळी वर्गात ज्याच्याशी वाजलं तोच रात्री जेवणाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा! माझ्या मुलीचं एक वाक्य सेमिनारमधून ग्रुप चॅटवर गेलं आणि रूममेट महिनाभर बोलली नाही. कुणी नियम मोडला नव्हता, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? माहितीपत्रकात हे सापडत नाही.

ओबर्लिनने १८३५ मध्येच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारं उघडली. चळवळ तिथल्या मुलांना वारशातच मिळते. मुलांनी स्वतः चालवलेली को-ऑप वसतिगृहं आणि स्वयंपाकघरं आहेत, आणि भांडी कुणी घासायची यावरही तिथे सभा भरते म्हणे. ज्याला हे आवडतं त्याला फारच आवडतं. पण दुसरी बाजूही बघा. २०१६ मध्ये गावातल्या एका बेकरीत चोरीवरून झटापट झाली, मुलांनी बेकरीसमोर निदर्शनं केली, कॉलेजनेही त्यांना साथ दिली असं म्हणत बेकरीने कॉलेजवर बदनामीचा दावा लावला आणि २०२२ मध्ये कॉलेजला साडेतीन कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. मुलं तापणारच, वय आहे. तेव्हा प्रशासन कसं वागतं, हे मी आधी बघेन.

क्लेरमॉन्ट मॅकेनाचा ओढा अर्थशास्त्र आणि शासनव्यवहाराकडे आहे, आणि उजव्या विचारांची मुलं तिथे निदान दिसतात तरी. तिथल्या अथेनियम नावाच्या सभागृहात जेवणानंतर पाहुण्यांची भाषणं होतात. २०१७ मध्ये अशाच एका भाषणाच्या वेळी आंदोलकांनी सभागृहाचं दार अडवलं. कॉलेजने नंतर काही विद्यार्थ्यांना निलंबित केलं. शिवाय हे कॉलेज कॅलिफोर्नियात आहे, आणि तिथे १९९२ चा लिओनार्ड कायदा आहे: खासगी कॉलेजातल्या मुलांनाही बोलण्याचं संरक्षण मिळतं. एरवी अमेरिकी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती (बोलण्याचं स्वातंत्र्य देणारी) फक्त सरकारी संस्थांना बांधते, हे पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही. शेजारीच पिट्झर आणि पोमोना ही कॉलेजं असल्यामुळे इथे गुदमरलं तर तिथल्या वर्गांना बसता येतं. छोट्या कॉलेजात ही खिडकी फार मोलाची.

ग्रिनेलबद्दल थोडक्यात: गाव लहान, चहूकडे मक्याची शेतं, कॅम्पस डावा आणि भोवतालचा प्रदेश रिपब्लिकन. एकटेपणा सोसणारी मुलगी असेल तर उत्तम.

आता करायचं काय? तिघांच्याही विद्यार्थी वृत्तपत्रांचे ऑक्टोबर २०२३ नंतरचे, म्हणजे गाझा युद्ध सुरू झाल्यापासूनचे, अंक काढा. अग्रलेख सोडा, वाचकांची पत्रं वाचा. विरोधी पत्र छापलंय का, आणि त्याला आलेलं उत्तर मुद्द्याला आहे की माणसाला, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. भेटीला गेलात तर मुलीला एकटीलाच जेवायला बसू द्या, तुम्ही लांब राहा. शेजारच्या मुलाला तिने विचारावं, “गेल्या वर्षभरात तुझं कोणतं मत बदललं?”

मुलगी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाणार असेल तर आणखी एक. २०२५ मध्ये आंदोलनांशी नाव जोडलं गेलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. असं झालं तर वकील कोण देतं, हे तिन्ही कॉलेजांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना ईमेलवर विचारा. फोनवर नको, उत्तर लेखी असू द्या.