फोन मी दिला, मग दोष माझाच का?

"ताई, मी चाकणला कंपनीत आहे, घर बार्शीकडे. 2020 मध्ये शाळा मोबाइलवर भरायला लागली तेव्हा माझा जुना फोन धाकट्याला दिला. तो तेव्हा सातवीत होता. गेम खेळायलाही मीच शिकवलं. आता बारावीत आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो बंदुकांचा खेळ चालतो. सहामाहीत दोन विषय गेले. दुकानाचे ऑनलाइन व्यवहार तोच बघतो, त्यातले 6,200 रुपये गेममध्ये घातले. अप्पांनी जेवताना फोन हिसकावला तर ताट भिरकावलं. आई म्हणते व्यसन लागलं, अप्पा म्हणतात तूच लावलंस. गणपतीत मात्र दहा दिवस मंडपात पडून होता, तेव्हा बरी नाही आठवली गेम! हे खरंच व्यसन असतं का? आणि दोष कुणाचा? — एक थोरला भाऊ"

अरे दादा,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू रागाच्या भरात लिहून गेलास. गणपतीचं. ते मी तीनदा वाचलं.

गेमचं व्यसन असतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत तर मोबाइल-गेमच्या अतिरेकासाठी 2014 पासून वेगळं क्लिनिक आहे. पण नुसते तास मोजून ते ठरत नाही. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, बाकी सगळं गेमच्या मागे पडतं, नुकसान दिसत असूनही चालूच राहतं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं, तेव्हा डॉक्टर व्यसन म्हणतात. तज्ज्ञांतही यावरून वाद आहेत. काही म्हणतात, पोरगा आधीच उदास असतो, गेम हा त्याचा आडोसा.

तुझा भाऊ दहा दिवस फोन विसरला, म्हणून तो ठणठणीत आहे असं मी म्हणणार नाही. गेलेले विषय आणि जागलेल्या रात्री खऱ्याच आहेत. पण मंडपात त्याला काय मिळालं ते बघ. पोरं हाका मारत होती, अंगावर काम होतं, जागरण केलं तरी कुणी ओरडत नव्हतं. मग विसर्जन झालं, मंडप उतरला. तू चाकणला. रात्री दहानंतर त्याची वाट बघणारं उरलं कोण? गेममधले त्याच्या टीमचे तिघे.

ताटाचंही तसंच. हिसकावलं तेव्हा डाव कुठे आला होता, कुणी विचारलं? असल्या गेमचा एक डाव अर्धा तास चालतो, चौघांची टीम असते, मध्येच थांबवायची सोय नसते. बाकीचे बाद होऊन शेवटचे दहा जण उरलेत आणि हा गायब झाला, तर उरलेले तिघे त्याच्या नावाने खडे फोडणार. ताट भिरकावल्याबद्दल त्याने आईची माफी मागायलाच हवी. पण "हा डाव संपला की ठेव" असं सांगून बघा, ते हिसकावण्यापेक्षा जास्त वेळा चालतं.

आता दोष. फोन दिला नसतास तर त्याची सातवी बुडाली असती, तेव्हा ते ओझं खाली ठेव. मोठा वाटा मी गेम बनवणाऱ्यांच्या पदरात घालते. रोज हजेरीला बक्षीस, दोन दिवसांत संपणारी ऑफर, पैसे भरून उघडायची पेटी आणि आत काय ते उघडल्यावरच कळणार. आपल्या जत्रेतली चक्रीच की ही! बेल्जियमने 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं. फोर्टनाइट हा असाच बंदुकांचा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकी सरकारशी तडजोड करून 24.5 कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायचं कबूल केलं. आरोप होता की बटणांची मांडणीच अशी, की नको ती खरेदी होऊन बसायची, पोरांकडून तर आईबापांना न विचारता.

पण कंपनीवाले काही बार्शीला येऊन रात्री दिवा मालवणार नाहीत. आणि 6,200 रुपयांत तुमच्याही घराचा हात आहे. सतरा वर्षांच्या पोराकडे गल्ला सोपवून वर हिशेब कुणी बघितला नाही. पिन बदला. पैसे त्याने दुकानात बसून फेडावेत, रोजचे किती ते आधीच ठरवून, आणि फिटले की तो विषय पुन्हा काढू नका. सतरा म्हणजे लहान नाही, हा वाटा त्याचाच.

तू पुढच्या सुटीला घरी जा आणि त्याच्याबरोबर दोन डाव खेळ. शिकवणारा तूच होतास ना? आता त्याला शिकवू दे. खेळता खेळता विचार, कॉलेजात कुणाशी बोलतोस. मध्ये तू घरी नसताना काय झालं, तेही. उत्तर लगेच येणार नाही, एखादा डाव हरलात तर येईलही.

झोप सुधारली नाही, कॉलेज सुटलं किंवा गप्पगप्प राहायला लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, लाजू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आधी तू स्वतः लावून बघ, तुलाही बोलायचंय असं पत्रावरून वाटतं.

आणि रात्री अकराला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे असं ठरवलंत, तर तिथे अप्पांचाही लागू दे.

— तुझी ताई