जलरंग शिकायला शिक्षक लागतोच का? व्हिडिओ पाहून येत नाहीत का?

येतात की. वॉश मारणं, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर देणं, बर्न्ट सिएना हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा मिसळून काळ्या ट्यूबशिवाय करडा करणं, सगळं व्हिडिओ पाहून जमतं. तरी हा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण माझे सर जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

सर माझ्या कागदाला स्वतःचा ब्रश कधीच लावायचे नाहीत. आकाशाचा वॉश खाली आणताना मी मध्येच अडखळले की मागून येऊन बोर्डाची वरची कड बोटभर उचलायचे. साचलेला रंग आपसूक पुढे सरकायचा. मग माझे हात शिवशिवायचे, इथे जरा गडद करू, तिथे ढग काढू. "हात मागे!" कागदाची चमक गेली, वरून कोरडा दिसला, तरी बोटाची पाठ टेकवून बघायला लावायचे. गार लागतोय? मग आत ओल आहे. अशा वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो. आता हा गारवा व्हिडिओत कसा दाखवणार?

आमचं वाजलं ते पांढऱ्यावरून. सरांचा हेका एकच, पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. मी एकदा पाण्यावरची चमक सोडायला विसरले आणि शेवटी अपारदर्शक पांढऱ्याचे ठिपके दिले. सरांनी ते चित्र वर्गाच्या प्रदर्शनातून बाजूला काढलं. टर्नर आणि सार्जंट हे जलरंगातले नावाजलेले चित्रकार, त्या दोघांनीही जलरंगात अपारदर्शक पांढरा वापरलाय, हे मी सगळ्यांदेखत सुनावलं. सर म्हणाले, "त्यांना कागद सोडता यायचा. तू विसरलीस ते झाकतेयस."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. दोन वर्षं तिकडे फिरकले नाही. नंतर जाऊ लागले, पण तो विषय दोघांनीही काढला नाही.

माझं मत आजही तेच आहे: गरज असेल तिथे पांढरा बिनधास्त वापरा. पारदर्शकतेचं एवढं सोवळं पाळणारे सर स्वतः जन्मभर अलिझरिन क्रिमसन हा लाल रंग वापरत होते, जो उजेडात फिका पडतो. ते बरं चालायचं!

बाकी, व्हिडिओंना मी नावं ठेवत नाही. खेकसणाऱ्या शिक्षकापेक्षा व्हिडिओ केव्हाही बरा. कागद मात्र पूर्ण कापसाचा, 300 जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या. पातळ कागद फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि तुम्ही उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसता.

काकूंनी सरांची रंगपेटी मला दिली. पांढऱ्याच्या खणात रंग नव्हताच, स्पंजचा तुकडा कोंबून बसवला होता. तो मी काढलेला नाही. माझी पांढरी ट्यूब पेटीबाहेर असते.