नुसत्या मिठात एन्झाइम जगतं कसं?

प्रश्न : सर, एमएस्सीच्या सेमिनारला आयनिक लिक्विड घेतलंय. जिथे बघावं तिथे लिहिलंय की हे ग्रीन सॉल्व्हंट (पर्यावरणाला कमी त्रास देणारा द्रावक) आणि यात एन्झाइम्स जास्त टिकतात. पण आम्ही तर शिकलो की मीठ जास्त झालं की प्रोटीन खाली बसतं. मग जे लिक्विड म्हणजे मीठच आहे ते एन्झाइमला चालतं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शंका बरोबर आहे, आणि खरं सांगायचं तर कुठलंही मीठ चालत नाहीच. आयनिक लिक्विड म्हणजे १०० अंशांच्या आत वितळणारं मीठ, आयन मोठे आणि वेडेवाकडे असल्यामुळे ते नीट रचून बसत नाहीत एवढंच. एन्झाइमला काम करायला अंगाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो थर कोण ओढून घेतं यावर सगळा खेळ आहे. पीएफ-सिक्सवालं इमिडॅझोलियम (इमिडॅझोलियम हा धन आयन, पीएफ-सिक्स म्हणजे हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा ऋण आयन) पाण्यात फारसं मिसळत नाही, थर शाबूत राहतो, म्हणून २००० साली त्यात थर्मोलायसिन (प्रोटीनवर काम करणारं एन्झाइम) आणि कॅन्डिडा या यीस्टचं लायपेज (चरबीवर काम करणारं) दोन्ही चाललेले दिसले. त्याच इमिडॅझोलियमला क्लोराइड जोडा, ते सेल्युलोज विरघळवतं, म्हणजे हायड्रोजन बाँड तोडण्यात इतकं पटाईत की लायपेजच्या साखळीचीही घडी मोडते आणि ते काम थांबवतं!

आता ग्रीन. वाफ जवळजवळ होत नाही, वास नाही, आग सहज लागत नाही, हे मान्य. पण पीएफ-सिक्स पाण्यासोबत तापवलं की हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, काच खाणारा, आणि लांब साखळीचे इमिडॅझोलियम पाण्यातल्या जिवांना विषारी असतात. याला सरसकट ग्रीन म्हणणं मला तरी पटत नाही.

माझं ऐकशील तर सेमिनार इमिडॅझोलियमऐवजी कोलीनच्या मिठांवर कर. कोलीन कोंबड्यांच्या खाद्यातही घालतात. कोलीन डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये थोडं पाणी घालून ठेवलेलं सायटोक्रोम सी हे प्रोटीन रूम टेंपरेचरला १८ महिने टिकल्याचं छापून आलंय.

आणि त्याचा चुलतभाऊ तर भारीच, डीप युटेक्टिक म्हणतात त्याला, म्हणजे घटकांपेक्षा खूप कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, इथे कोलीन क्लोराइड आणि युरियाचं (काटेकोर बघितलं तर आयनिक लिक्विड नाही, कारण युरियावर चार्ज नसतो). कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळतं, युरिया १३३ ला, पण १४० ग्रॅमला १२० ग्रॅम असे मिसळून ८० अंशांवर ढवळत राहिलं की दोन पांढऱ्या पावडरींचा पारदर्शक पाक होतो आणि तो १२ अंशांपर्यंत गोठत नाही. गंमत म्हणजे ८ मोलर युरियाने आपण लॅबमध्ये प्रोटीन उलगडतो, आणि इथे त्याहून जास्त युरिया असूनही लायपेज मजेत काम करतं, कारण युरिया क्लोराइडला हायड्रोजन बाँडने बांधलेला, प्रोटीनकडे जायला मोकळा नसतो. पाक दाट असतो त्यामुळे रिअॅक्शनला वेळ लागू शकतो, तेवढं धरून चाल. करून बघणार असशील तर कोलीन क्लोराइड आधी व्हॅक्यूममध्ये वाळव, बाटली उघडी राहिली की ते लगेच ओलं होतं.