‘माझं वाचन गेलं हो, मॅडम’

‘‘मला स्मृतिभ्रंश सुरू झालाय का, तेवढं बघा,’’ समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. वय ५९. आयुष्यभर हिशेब खात्यात नोकरी, निवृत्तीला सात महिने झालेले. तक्रार एकच होती. पुस्तक हातात घेतलं की आठ-दहा पानांत मन भरकटतं, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते आणि पुस्तक मिटलं की डोकं कोरं. ‘‘नऊ वर्षांची होते तेव्हापासून वाचतेय मी. घरचे म्हणतात, नसेल जमत तर टीव्ही बघ. त्यांना कसं सांगू?’’ एवढं बोलून त्या रडल्या.

(त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ज्याला वाचनाचं वेड नाही त्याला ही भीती क्षुल्लक वाटते. मला ती कधीच क्षुल्लक वाटलेली नाही. वाचणाऱ्या माणसाच्या एकटेपणाचा बंदोबस्त पुस्तकांनी केलेला असतो. तोच मोडला तर पायाखालची जमीन सरकणारच.

आधी साध्या शक्यता तपासल्या. रोजचे व्यवहार चोख होते, बँकेची कामं त्या स्वतः करत होत्या, ओळखीचे रस्ते चुकत नव्हते. कॉलेजात वाचलेल्या एका कादंबरीचं कथानक त्यांनी मला पात्रांच्या नावांसकट सांगितलं. झोप आणि भूक ठीक होती, गाण्यात, नातवात रस शाबूत होता. नैराश्यात बहुतेकदा दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळपास सगळ्यातूनच रस उडतो. इथे आटलं होतं ते फक्त वाचन. तरी मनातली शंका राहू नये म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, डोळेही तपासून घ्यायला सांगितले. डोळ्यांच्या तपासणीत एक उपयोगी गोष्ट कळली. त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता आणि त्या वाचायच्या आडवं पडून. या चष्म्यात वाचनाचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडून वाचताना नजर तिथे नीट बसत नाही, हनुवटी सारखी वर करावी लागते आणि मान भरून येते. वाचनासाठी वेगळा चष्मा झाला तसं मान भरून येणं थांबलं. वाचन मात्र तिथेच अडलेलं होतं.

तीच ओळ पुन्हा वाचण्याचा त्यांनी फार धसका घेतला होता. त्यांना सांगितलं, वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो. एकेका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. आणि चांगल्या सराईत वाचकाच्याही दर दहा उड्यांतली एखादी मागे जातेच. तुम्ही आधीही मागे जात होता, फक्त मोजत नव्हता.

तिसऱ्या भेटीत मी माझ्या कपाटातलं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, मी नोंदी करते, तुम्ही वाचत बसा. मी पाहत होते. वाचायला सुरुवात करायच्या आधी त्यांनी प्रकरण कुठे संपतं ते शोधलं आणि तिथे डाव्या हाताचं बोट घालून ठेवलं. चार-पाच मिनिटांत दोनदा त्या बोटापर्यंतची जाडी चाचपली.

‘‘बोट कशाला घातलंत?’’

‘‘किती राहिलंय ते कळावं म्हणून.’’

‘‘पूर्वीपासूनची सवय?’’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘नाही. पूर्वी शेवटची पानं मी पुरवून पुरवून वाचायचे.’’

तिथून गाठ सुटायला लागली. वीस वर्षं त्यांनी ‘निवृत्तीनंतर वाचायची’ म्हणून पुस्तकं घेऊन एका कपाटात भरली होती. सव्वाशेच्या आसपास. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक केलं: दुपारी दोन ते पाच वाचन, चार दिवसांत एक पुस्तक. ज्या बाईने जन्मभर हिशेब पूर्ण केल्याशिवाय खुर्ची सोडली नाही, तिच्यापुढे ते कपाट थकबाकीसारखं उभं राहिलं.

आणि पूर्वी त्या वाचायच्या कुठे? बसमध्ये. मुलीच्या क्लासबाहेर पायरीवर. ऑफिसात मधल्या सुट्टीत. दर वेळी काहीतरी मध्ये यायचं, गोष्ट ऐन रंगात तुटायची आणि मग काम करताना दिवसभर मनात घोळत राहायची. माझ्या मते वाचनातलं निम्मं काम या घोळण्यातच होतं. तीन तासांच्या मोकळ्या दुपारीत त्याला जागाच उरली नव्हती.

वेळापत्रक बंद करायला लावलं. फक्त वीस मिनिटं वाचायचं, गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी पुस्तक मिटायचं. दहा दिवसांनी त्या तणतणत आल्या: ‘‘आत्ता कुठे रंग भरत होता आणि तुमचा तो गजर!’’ मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

कपाटाचं काम जास्त अवघड गेलं. पुस्तक अर्धवट सोडणं त्यांना पाप वाटायचं. मी त्यांना ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतली दोन सांगितली: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मग विचारलं, हे पुस्तक घेणारी चाळिशीतली बाई आज घरात आहे का? पंधरा-वीस पानं वाचा. नाहीच ओढलं तर ते त्याच्या वाचकाकडे जाऊ द्या. याचा अर्थ जड पुस्तकं टाळा असा मुळीच नाही. जड पुस्तक दमवतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे जावंसं वाटतं. जे आपलं नाही ते नुसतंच दमवतं. हा फरक चांगल्या वाचकाला हाताला कळतो, फक्त त्याने हातावर विश्वास ठेवायला हवा.

तुमचंही वाचन असंच अडलं असेल तर इतकं बघा: सगळ्याच गोष्टींतला रस गेलाय का, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात का, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होतोय का? तसं असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. तसं नसेल तर आपण काय वाचतोय आणि ते कोणासाठी, हे आधी तपासा.

चार महिन्यांत साठेक पुस्तकं कपाटातून बाहेर गेली. हल्ली त्या येतात तेव्हा बाहेरच्या बाकावर वाचत बसलेल्या असतात आणि मी हाक मारली की ‘एवढा परिच्छेद’ म्हणून हात वर करतात. दोन खंडांचा एक इतिहास मात्र अजून कपाटातच आहे. देऊन टाकू का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, राहू दे.