‘पश्चात्ताप’ म्हणजे दृष्टी व्यापक करणे?

एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी काढलेल्या पत्रकावर “आमच्या स्वागतशील मंडळीत या, पश्चात्ताप ही आपला दृष्टिकोन विस्तारण्याची साधना आहे” असे वाक्य छापले होते, आणि पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) उपदेशात सांगितले की मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मन मोठे करणे’ असाच आहे. घरी आल्यावर त्यांच्या आजी म्हणाल्या, “पश्चात्तापाला डोळ्यांत पाणी यावं लागतं, नुसती नजर रुंद करून भागत नाही.” तर दोघांपैकी कोण बरोबर, आणि या अर्थासाठी मराठीत याहून चांगला शब्द आहे का?

माझे मत आधीच सांगतो. पाळकांनी दाखवलेली दिशा बरोबर आहे, त्यांनी दिलेली व्युत्पत्ती बरोबर नाही, आणि आजींचे म्हणणे मराठी शब्दाच्या पोटात शिरून केलेले आहे.

‘पश्चात्ताप’ हा शब्द ‘पश्चात्’ आणि ‘ताप’ यांचा बनला आहे. कृती होऊन गेल्यावर मागाहून जी होरपळ होते, ती. मराठीत ‘ताप’ अंगातही येतो आणि डोक्यालाही होतो, त्यामुळे हा शब्द ऐकताच मराठी माणसाला काहीतरी पोळते, आणि तसे पोळणे हा त्या शब्दाचा गाभाच आहे. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘मेतानोइया’ हा आहे. त्यातील ‘नूस’ म्हणजे मन, समज, बुद्धी; आणि ‘मेता’ हा उपसर्ग ‘नंतर’ किंवा ‘पालट’ असा अर्थ देतो. म्हणजे मागाहून आलेली समज, पालटलेले मन. ‘मेता’चा अर्थ ‘मोठे’ असा होत नाही, त्यामुळे ‘मन मोठे करणे’ हा शब्दशः अर्थ म्हणून सांगता येणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : ‘मेता’ आणि ‘पश्चात्’ या दोहोंत ‘नंतर’ हा अर्थ आहे. ज्यांनी ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजला त्यांनी शब्दाचा पूर्वार्ध नेमका पकडला, फक्त उत्तरार्धात मनाच्या जागी ताप आला.

हा बदल किरकोळ नाही, कारण नुसत्या तापासाठी ग्रीकमध्ये वेगळे क्रियापद आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27व्या अध्यायात येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा त्याबद्दल मिळालेली चांदीची 30 नाणी परत करायला जातो, तेथे ‘मेतानोइया’चे क्रियापद नसून ‘मेतामेलोमाइ’ हे क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ मनाला लागून राहणे, पस्तावणे. ‘पस्तावणे’ हे आपल्याकडे ‘पश्चात्तापा’चेच घरगुती रूप आहे, हे येथे फार बोलके वाटते. यहूदा पोळला, नाणी त्याने टाकून दिली, पण पुढची वाट त्याला दिसली नाही. त्याच्या आदल्या अध्यायात येशूला आपण ओळखत नाही असे तीनदा सांगून बसलेला शिष्य पेत्रही कोंबडा आरवल्यावर रडतो, आणि तो मात्र पुढे परततो. अश्रू दोघांच्या वाट्याला आले असे धरले, तरी वळण एकालाच सापडले. आजींच्या बोलण्याला एवढी पुस्ती जोडावी लागते.

पश्चिमेकडे या शब्दाचा प्रवास आणखी वेगळ्या अंगाने झाला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या विद्वानाने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात ‘मेतानोइया करा’ याच्या जागी जो प्रयोग रूढ झाला, त्याचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असाही घेता येत होता, आणि पुढे तो तसाच घेतला गेला. 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या 95 प्रबंधांतील पहिलाच प्रबंध या अर्थाला हात घालतो : श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे, असे तो म्हणतो. पत्रकातील ‘साधना’ हा शब्द मला त्यामुळे मनापासून आवडला. एकदा उरकून टाकायचा विधी म्हणून नव्हे, तर रोज करायचे काम म्हणून पश्चात्तापाकडे पाहणे हे मूळ अर्थाला धरून आहे.

आता विस्ताराचा मुद्दा. तो व्युत्पत्तीत नसला तरी प्रयोगात आहे, आणि शब्दाचा अर्थ अखेर प्रयोगच ठरवतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 10व्या अध्यायात पेत्र यापो येथे घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला असता त्याला दर्शन होते : आकाशातून चार कोपऱ्यांनी धरलेली मोठी चादर खाली येते, तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी असतात, ‘मारून खा’ अशी वाणी होते, आणि निषिद्ध म्हणून पेत्र नकार देतो. असे तीनदा होते. मग तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी, म्हणजे ज्या उंबऱ्याच्या आत यहुदी माणसाने पाऊल टाकू नये अशी रीत होती त्या घरी जातो, आणि देव पक्षपाती नाही हे आपल्या ध्यानात आल्याचे बोलून दाखवतो. 11व्या अध्यायात यरुशलेमची मंडळी हा वृत्तान्त ऐकून म्हणते की देवाने परराष्ट्रीयांनाही, म्हणजे यहुदी नसलेल्यांनाही, जीवनाकडे नेणारी ‘मेतानोइया’ दिली. शब्द परराष्ट्रीयांसाठी वापरला आहे. पण कथा नीट वाचली तर मन पालटले ते आधी पेत्राचे, आणि मग त्याला जाब विचारणाऱ्या मंडळीचे. पाळकांना आपल्या म्हणण्यासाठी आधार हवा असेल तर तो या गच्चीवर आहे.

मराठीत याहून चांगला शब्द आहे का, या प्रश्नासाठी आपल्या संतांकडे गेले पाहिजे. तेथे ‘अनुताप’ भेटतो. ‘अनु’ म्हणजेही मागाहून. “हेंचि प्रायश्चित्त । अनुतापीं न्हाय चित्त” असे तुकोबा म्हणतात. या ओळीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो, कारण येथे ताप आणि चित्त एकत्र आले आहेत आणि त्यांचा संबंध न्हाण्याचा आहे, जळण्याचा नाही. ऊन पाण्याने न्हाताना चटका बसतो, पण मळ त्यानेच निघतो. ग्रीक शब्दातले मन आणि मराठी शब्दातला ताप या एका चरणात एकमेकांना भेटतात. म्हणून ‘पश्चात्ताप’ बदलून ‘मनःपरिवर्तन’ किंवा ‘मतपरिवर्तन’ करावे असे मला वाटत नाही. मतपरिवर्तन वादविवादातही होते आणि त्यात काही पोळत नाही. जुना शब्द ठेवून त्यात चित्त आहे हे सांगत राहावे. मंडळीच्या बोलीत ‘पश्चात्तापबुद्धी’ हा शब्द आहेच, त्यातली ‘बुद्धी’ म्हणजे ‘नूस’च.

पत्रकातील इतर दोन प्रयोगांविषयी. ‘दृष्टिकोन विस्तारणे’ चुकीचे नाही. कोन लघु असतो तसा विशालही असतो. पण कोन म्हणजे एका बिंदूवर उभे राहून पाहणे, आणि पेत्राला तर उभे राहण्याची जागाच सोडावी लागली. त्यामुळे येथे साधी ‘दृष्टी’ अधिक चपखल बसते. ‘स्वागतशील मंडळी’ हा मात्र मला परभाषेतून उचललेला प्रयोग वाटतो. ‘मंडळी’ या शब्दातच स्वागत आहे. ‘या मंडळी, बसा’ हे आपण दारात उभे राहूनच म्हणतो. सतरंजीवर दाटीने बसलेले लोक उशिरा आलेल्या माणसासाठी काही न बोलता सरकून बसतात, तेव्हा त्यांना कोणी स्वागतशील म्हणत नाही, ‘जागा करून दिली’ एवढेच म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तानुयायांसाठी बंधुसमाज उभा केला, तेव्हा त्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. विशेषण न लावताही ते नाव सर्वांना आत बोलावते.

मी ते वाक्य असे लिहीन : “मंडळीत सर्वांना जागा आहे. या उपवासकाळात पश्चात्ताप करू या, म्हणजे आपले चित्त आणि आपली दृष्टी पालटू देऊ या.” आणि पुढच्या छपाईत ‘पश्चाताप’ असे एका ‘त’चे रूप येऊ देऊ नये, ‘पश्चात्’मधला पाय मोडलेला ‘त’ आणि ‘ताप’चा ‘ता’ मिळून ‘त्ता’ होतो, म्हणून ‘पश्चात्ताप’.