गाणं कुठून उचलायचं?

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आवाज जाड, संगीत शिकलेले नाही. मी म्हणायला लागले की मुलं ओरडतात नाहीतर गप्प बसतात, म्हणून मोबाइलवर गाणी लावते. मला गाणं शिकवायला जमेल का?

उत्तर : जमेल, ताई. अडचण आवाजाच्या जाडपणाची नाही, गाणं कुठून उचलता त्याची आहे. बोलता बोलता सुरू केलेलं गाणं बोलण्याच्याच पट्टीत येतं. बाईमाणसाचा बोलण्याचा सूर साधारणपणे पेटीच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, आसपास असतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गळा तिथे सहज उतरत नाही. मग ती एकाच सुरात शब्द ओरडतात. मधल्या सप्तकातली पांढरी दोन ते पांढरी सहा, म्हणजे सा ते प, एवढा टप्पा त्यांना सोयीचा.

मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घेऊन ‘डी’ लावा, म्हणजेच पांढरी दोन. गाण्यातला सगळ्यात खालचा सूर तिथे बसवा. वरच्या सा पर्यंत चढणारी गाणी सध्या नकोत. सुरुवातीचं ‘एक, दोन, चला म्हणू’ हे नुसतं बोलू नका. गाण्याच्याच सुरात, त्याच लयीत गा. मुलांना सूर आणि वेग दोन्ही तिथेच मिळतात.

आठवड्याला चार ओळींचं एकच गाणं पुरे, रोज दोनदा, तीन-चार मिनिटं. पहिल्या दिवशी मुलांनी फक्त ऐकायचं आणि मांडीवर ठेका धरायचा. दुसऱ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही सोडा, त्यांना भरू द्या. मग अर्धी ओळ, मग पूर्ण. हे थांबणं मोबाइलला जमत नाही, तुम्हाला जमतं, आणि मुलं शिकतात ती त्या थांबण्यात.

‘मोठ्याने म्हणा’ कधीही सांगू नका, त्याने सूर हमखास सुटतो. ‘शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकं हळू म्हणा,’ असं सांगा. एखादं मूल बेसूर म्हणत असेल तर या वयात ते स्वाभाविक आहे. त्याला एकट्याला उभं करू नका. सगळ्यांकडून वाऱ्यासारखा ‘ऊऽऽ’ वरून खाली घसरवून घ्या. वरचा गळा त्याने मोकळा होतो.

घरी स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून दोनच गोष्टी तपासा : पहिला सूर तानपुऱ्याशी जुळला का, आणि शेवटी लय पळाली का. गोडवा तपासायचा नाही.

प्रश्न : वाद्यांसाठी पैसे नाहीत.

उत्तर : लहान प्लास्टिकच्या बाटलीत पाव भाग चिंचोके भरा. गच्च भरली तर खुळखुळत नाही. झाकण चिकटपट्टीने पक्कं करा, चिंचोके घशात अडकू शकतात. एका वेळी पाच-सहा मुलांनाच बाटल्या द्या, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नाहीतर गाणं ऐकूच येत नाही.