टरफलं, राख आणि ताक घालण्याआधी माती बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात गच्चीवर वीसेक कुंड्या, इमारतीच्या पायातून निघालेली काळी माती आणि शेणखत असं मिश्रण, पाणी बोअरचं. जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतायत, टोमॅटो बुडाशी काळे होतायत, कढीपत्ता वर्षभर तेवढाच आहे. आणि या वर्षभरात तुम्ही घातलंत काय काय, तर अंड्याची टरफलं, लाकडाची राख, एप्सम सॉल्ट, केळीच्या सालींचं पाणी, आंबट ताक आणि बोनमील (हाडांचा चुरा). यातलं खरं काय, खोटं काय, आणि आता जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवलेलं पाणी) सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय.

यातली बहुतेक औषधं कुठल्या ना कुठल्या मातीत खरी आहेत. तुमच्या मातीत त्यातली निम्मी निरुपयोगी आहेत आणि दोन-तीन तर त्रास वाढवणारी आहेत. हे मी स्वतः सोसून शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आई चुलीतली राख रोज भाजीच्या वाफ्यात टाकायची आणि लाल माठ असा काही यायचा की शेजारी मागून न्यायचे. लग्नानंतर पुण्यात आले तेव्हा बंब होता, राख मुबलक होती, मी मोगऱ्याला ती दोन वर्षं नेमाने घातली. मोगरा पिवळा पडत गेला, कळ्या थांबल्या. दोष पाण्याला दिला, जागेला दिला. राखेवर संशय आला नाही, कारण राख आईची होती.

फरक मातीत होता. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पाण्याबरोबर चुना, पोटॅश, मॅग्नेशियम सगळं धुपून जातं आणि जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी राहते, सामू (पीएच, सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण साडेपाच ते साडेसहा. अशा मातीत राख म्हणजे पालाशही (पोटॅश) आणि चुनाही, दोन्ही हवेच असतात. टरफलं, बोनमील तिथं हळूहळू विरघळतात आणि झाडाच्या उपयोगी पडतात. देशावरची काळी माती बसाल्टच्या खडकातून झालेली. पुण्यात पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे चुना धुपत नाही, तिथंच चुनखडीच्या रूपात साठतो. सामू आठच्या घरात. त्यात बोअरचं जड पाणी प्रत्येक शिंपणाला आणखी थोडा चुना आणून टाकतं. कुंडीच्या कडेला जो पांढरा थर दिसतो तो तोच.

तेव्हा आधी एक चाचणी करा. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर व्हिनेगर ओता. खायच्या सोड्यासारखी फसफसली तर मातीत चुनखडी आहे. नेमका आकडा हवा असेल तर कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते. मी दर दोन-तीन वर्षांनी करते आणि एखाद्या महागड्या टॉनिकच्या बाटलीपेक्षा तो कागद मला जास्त उपयोगी पडलाय.

आता जास्वंद. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. उसाचे शेतकरी याला ‘केवडा पडला’ म्हणतात. जुनी, खालची पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर मॅग्नेशियमचा संशय घ्यायचा, आणि एप्सम सॉल्ट कामाचं ते फक्त तेव्हा, कारण ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. तुमची नवी पानं पिवळी आहेत, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच रोगाचं औषध देत होतात. वर जास्तीचं मॅग्नेशियम मुळांशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं, म्हणजे टोमॅटोलाही त्याचा फायदा नाही. ते बंद करा.

काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते. म्हणून मातीत खिळे पुरणं किंवा नुसता हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) टाकणं फुकट जातं. तो हिराकस चुनखडीत काही दिवसांत गंजून अडकतो. दोन मार्ग चालतात. एक, फवारणी: लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. दुसरा, चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, मातीतून. इथं पाकीट नीट वाचा. स्वस्त पाकिटात लोह धरणारं रसायन बहुतेक ईडीटीए असतं आणि ते सामू साडेसहाच्या वर गेला की लोहाला सोडून देतं. तुम्हाला ईडीडीएचए हवं, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. पाण्यात टाकल्यावर गडद लाल रंग येतो, ही त्याची खूण. महाग आहे, पण कुंडीला चिमूटभर पुरतं.

ताकाबद्दल मला खरंच मनापासून लिहायचंय, कारण कढीपत्त्याला ताक ही घराघरातली श्रद्धा आहे. ताकात थोडी प्रथिनं असतात, त्यांतून थोडं नत्र (नायट्रोजन) मिळतं, एवढं खरं. ‘ताकानं माती आम्ल होते’ याचा मात्र हिशेब करून बघू. लिटरभर आंबट ताकात साधारण ७ ग्रॅम लॅक्टिक आम्ल. ते विरघळवणार ४ ग्रॅमच्या आसपास चुनखडी. १० किलो मातीच्या कुंडीत ५ टक्के चुनखडी धरली तर ती झाली ५०० ग्रॅम. म्हणजे सव्वाशे लिटर ताक, आणि तेही मातीतल्या जिवाणूंनी आम्ल खाऊन टाकलं नाही तर. लिंबूपाणी आणि व्हिनेगरचंही तेच. गंधकाचं मातीत आम्ल होतं, त्याचा हिशेब जरा बरा आहे, त्याच कुंडीला १६० ग्रॅमच्या आसपास, पण एवढं गंधक कुंडीत घालण्यापेक्षा माती बदलणं सोपं. चहाच्या चोथ्यानंही माती आम्ल होत नाही. धुऊन साखर-दूध काढलेला चोथा कंपोस्टमध्ये मात्र उत्तम.

टोमॅटोच्या बुडाचा काळा डाग कॅल्शियमशी निगडित आहे हे खरं, आणि त्यातूनच टरफलांचा सल्ला निघतो. तुमच्या मातीत कॅल्शियम रगड आहे. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि पानांतून बाष्प जास्त उडत असल्यामुळे बहुतेक पानांकडे जातं. एक दिवस कुंडी कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की सगळ्यात आधी फळाचं टोक उपाशी राहतं. रोज ठरलेल्या वेळी पाणी, मातीवर वाळलेल्या पानांचं दोन बोटं जाड आच्छादन आणि निदान बादलीएवढी कुंडी, इतकं केलंत तर पुढच्या घोसापासून फरक दिसेल. टरफलं म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम कार्बोनेट, तीच चुनखडी. सामू आठच्या मातीत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

बोनमीलचा स्फुरदही (फॉस्फरस) अशा मातीत जवळजवळ सुटत नाही. आणि ‘फुलांसाठी स्फुरद’ या समजुतीपायी जे लोक दर महिन्याला डीएपी हे स्फुरदाचं खत टाकतात, त्यांच्या कुंडीत स्फुरद साठून लोह आणि जस्त आणखी अडतं. फुलं कमी असतील तर आधी ऊन मोजा.

केळीच्या सालींचं पाणी निरुपद्रवी आहे. पालाश पाण्यात उतरतो हे खरं, पण एका सालीत तो जेमतेम अर्धा ग्रॅम, बरेचदा त्याहून कमी, आणि नत्र तर नावालाच. चिलटं मात्र भरपूर. साली कंपोस्टात टाका.

जीवामृत. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकरांनी ते घरोघरी पोचवलं आणि ज्यांनी मनापासून केलं त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्याच्याकडून खताची अपेक्षा करू नका. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. बेसनात प्रथिनं पाचवा हिस्सा, त्यांतून नत्र ६५-७० ग्रॅम. शेण-गोमूत्राचं धरून सगळं मिळून २०० ग्रॅमच्या आत-बाहेर. म्हणजे लिटरला १ ग्रॅम. हे विरजण आहे, आणि विरजणाला दूध लागतं. कुंडीत कुजलेलं शेणखत, पालापाचोळा असेल तर ते जिवाणूंच्या कामी येईल. नुसत्या मुरमाड मातीत ओतून झाड पोसणार नाही.

‘रासायनिक खतानं माती मरते’ हेही तुम्ही लिहिलंय. मुळं नत्र घेतात ते प्रामुख्याने नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात, मग ते युरियातून आलेलं असो की शेणातून. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतात गहू घेतायत, काही पट्ट्यांना फक्त रासायनिक खत, काहींना शेणखत. रासायनिक पट्ट्यांत आजही चांगला गहू येतो. शेणखताच्या पट्ट्यांत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतला कार्बन) मात्र कितीतरी जास्त आहे. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. कुंडीत धोका वेगळा आहे: क्षार साठतात, कारण जायला जागा नसते. म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) वापरलंत तर लिटरला १ ते २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत, आणि दोन महिन्यांनी एकदा भरपूर पाणी सोडून कुंडी धुऊन काढायची. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर याहून चांगलं काही नाही.

दोन गोष्टी घाईत सांगते. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या, जमिनीत सोडियम हटवतं, तुमच्या मातीत त्याचं काम नाही. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातल्यानं निचरा सुधारत नाही, उलट पाणी खडीच्या वर मातीतच अडून राहतं, भोकावर एक खापर पुरे.

माझं मत विचाराल तर जास्वंद आणि मोगऱ्याची माती यंदा बदलाच. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. पोयटा (गाळाची माती) म्हणून जे विकतात त्यावर आधी व्हिनेगर टाकून बघा, मग पोतं घ्या.

कढीपत्त्याला दिवसाचं सहा तास ऊन लागतं आणि थंडीत तो थांबतोच, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत काही घालू नका. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे हातभर छाटा, मोठी कुंडी द्या, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळा. महिनाभरात फुटवे आले नाहीत तर झाड हलकेच उपसून मुळं बघा. तपकिरी आणि मऊ असतील तर पाणी जास्त होतंय, गोल गोल गुंडाळलेली असतील तर कुंडी अजून लहान पडतेय. काय दिसलं ते मला कळवा.